जगातील सगळी माणसे एकत्र उभी राहिली तर रत्नागिरी जिल्हा पुरेल का?

खाडीकाठ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. दाभोळ खाडीच्या काठावरील आमच्या गावात एक लहानसे वाचनालय आहे आणि शाळकरी मुलांसाठी तेथे आम्ही वेळोवेळी भित्तिपत्रक लावतो. या वेळी विषय जगाची लोकसंख्या हा आहे. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी ती ८०० कोटींवर गेल्याचे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केले आणि आता ती ८२० कोटींच्या आसपास आहे, एवढे मुलांना पाठ आहे; परंतु आठावर इतकी शून्ये लिहिली तरी तो आकडा केवढा, याचा अंदाज त्यांना येत नाही, आणि खरे सांगायचे तर मोठ्यांनाही येत नाही.

मजकूर ठरवताना आमच्यात दोन मते पडली. एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की जगात आता माणसाला पाय ठेवायला जागा उरलेली नाही, आणि पत्रकाचा मथळाही त्याच अर्थाचा असावा. दुसरे सभासद म्हणाले की हे मुळीच खरे नाही, जगातील सगळी माणसे एकमेकांशेजारी उभी केली तर आपल्या एका रत्नागिरी जिल्ह्यात ती मावतील. त्यावर बराच वेळ चर्चा झाली, पण हिशेब कोणी मांडला नाही.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. सगळ्यांना उभे राहण्यापुरती जागा किती लागेल आणि ती मोजताना माणशी किती जागा धरणे योग्य ठरेल? आणि ती जागा खरोखरच एखाद्या जिल्ह्याएवढी असेल, तर मग लोकसंख्येचा जमिनीवर भार पडतो असे आपण म्हणतो, तो भार नेमका कशाचा? मुलांसमोर चुकीचे काही जाऊ नये, एवढीच इच्छा आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सह्यकडा यांचा प्रतिसाद

खाडीकाठ, आपला प्रश्न फार चांगला आहे. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते आणि घनता हा धडा आला की मीही आपल्याच जिल्ह्यापासून सुरुवात करते, कारण येथे आकडे विलक्षण जुळून येतात.

रत्नागिरी जिल्ह्याचे क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर आहे. एका चौरस किलोमीटरमध्ये दहा लाख चौरस मीटर असतात, म्हणजे संपूर्ण जिल्ह्यात साधारण ८२१ कोटी चौरस मीटर झाले. जगाची लोकसंख्या ८२० कोटी. म्हणजे मंडणगडापासून राजापूरपर्यंत जमिनीवर एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असे चौकोन आखले आणि प्रत्येकात एकच माणूस उभा केला, तर जगातील प्रत्येकाला रत्नागिरी जिल्ह्यात स्वतःचा एक चौकोन मिळेल. आपल्या दुसऱ्या सभासदांचे म्हणणे, निदान क्षेत्रफळाच्या हिशेबाने, अगदी बरोबर आहे.

एक चौरस मीटर ही जागा ऐसपैस आहे. सभेत किंवा कीर्तनाला उभी असलेली माणसे त्याहून जवळ असतात. एका चौरस मीटरमध्ये चार माणसे धरली तर २,०५० चौरस किलोमीटर, म्हणजे जिल्ह्याचा जेमतेम चौथा हिस्सा पुरतो. तेवढ्या क्षेत्राचा चौरस काढला तर त्याची बाजू ४५ किलोमीटर येते. रत्नागिरी शहर ते राजापूर हे सरळ रेषेतील अंतर साधारण तेवढेच आहे. जगातील सगळे देश आणि त्यांतील सगळी माणसे ४५ किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात, हे सांगितल्यावर वर्ग काही क्षण शांत होतो, असा माझा अनुभव आहे.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ आइल ऑफ वाइट नावाचे ३८१ चौरस किलोमीटरचे बेट आहे आणि जगातील सगळी माणसे खांद्याला खांदा लावून त्या बेटावर मावतील, असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिकडे सांगितले जात असे. १९०० च्या सुमारास जगात १६० ते १७० कोटी माणसे होती. भागाकार केला तर एका चौरस मीटरमध्ये चारांहून थोडी अधिक येतात, म्हणजे ते विधान त्या काळी हिशेबाला धरून होते. आज तेच विधान करायचे तर एका चौरस मीटरमध्ये एकवीस माणसे उभी करावी लागतील, आणि ते अशक्य आहे. माणसे वाढली तसे बेटही मोठे घ्यावे लागले. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील झांजिबारचे मुख्य बेट उंगुजा १,६६६ चौरस किलोमीटरचे आहे; आजच्या लोकसंख्येला तेथे चौरस मीटरमागे पाच माणसे अशी दाटी करावी लागेल.

मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून ६०३ चौरस किलोमीटर होतात. सगळे जग मुंबईत उभे करायचे ठरवले तर एका चौरस मीटरमध्ये साडेतेरा माणसे येतात. वाचताना हे अशक्य वाटते. पण गर्दीच्या वेळी लोकल गाडीच्या डब्यात एका चौरस मीटर जागेत १४ ते १६ उभे प्रवासी असतात, अशी रेल्वेच्या नियोजनातील नोंद आहे आणि त्या स्थितीला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असे नावही दिलेले आहे. म्हणजे सकाळच्या विरार लोकलइतकी दाटी सर्वत्र केली तर संपूर्ण मानवजात मुंबईत मावते. पत्रकात हे घालावे की नाही हे आपण ठरवा. माझे मत विचाराल तर चार हाच आकडा धरावा, कारण त्यापुढच्या आकड्यांत माणूस उभा असतो असे म्हणणे कठीण आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नावर शेतीतील कोणी लिहिले तर अधिक बरे होईल.

रांगेतला यांचा प्रतिसाद

सह्यकडा ताईंनी माणशी जागेबद्दल जे लिहिले आहे, त्यावर मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे. मी सिंधुदुर्गातला. आमच्या भागात आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला लाखो माणसे येतात आणि अशा जत्रांमध्ये रांगा सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांत मी अनेक वर्षे काम केले आहे. माणशी किती जागा धरावी, या प्रश्नाकडे आम्ही जिवाच्या काळजीने पाहतो.

गर्दी मोजण्याची एक सोपी पद्धत हर्बर्ट जेकब्स या पत्रकारितेच्या प्राध्यापकांनी १९६० च्या दशकात अमेरिकेतील बर्कली येथे मांडली. त्यांच्या कार्यालयाच्या खिडकीतून दिसणाऱ्या चौकात व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात विद्यार्थ्यांच्या सभा होत असत आणि त्या चौकातील फरशीवर समान चौकोन आखलेले होते. काही चौकोनांतील माणसे मोजून त्यांनी सरासरी काढली आणि त्यावरून विरळ गर्दीत माणशी दहा चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार चौरस फूट आणि अगदी घट्ट गर्दीत अडीच चौरस फूट, असे प्रमाण बसवले. दहा चौरस फूट म्हणजे जवळजवळ एक चौरस मीटर. म्हणजे ताईंनी जिल्हाभर आखलेल्या चौकोनांतील गर्दी ही विरळ गर्दी ठरेल. साडेचार चौरस फुटांच्या हिशेबाने ८२० कोटी माणसांना सुमारे ३,४०० चौरस किलोमीटर लागतील आणि अडीच फुटांच्या हिशेबाने सुमारे १,९००.

पादचाऱ्यांच्या हालचालींचा अभ्यास करणारे अभियंते जॉन फ्रुइन यांनी उभ्या माणसाने व्यापलेली जागा एका लंबवर्तुळाने दाखवली. कपड्यांसह धिप्पाड पुरुष गृहीत धरून त्यांनी त्याची लांबी २४ इंच आणि रुंदी १८ इंच घेतली. हे क्षेत्र पाव चौरस मीटरहून थोडेसे कमी भरते, त्यामुळे चार माणसे प्रति चौरस मीटर हा ताईंचा आकडा शरीराच्या मापाशी जुळतो. चारपर्यंत माणूस स्वतःच्या पायांवर, स्वतःच्या इच्छेने उभा असतो आणि सावकाश का होईना, पाऊल हलवू शकतो. पाचावर गेल्यावर स्वयंसेवकांनी सावध व्हायचे असते. सहा-सात झाली की तो जमाव पाण्यासारखा वागू लागतो. कोठेतरी मागे दिलेला रेटा लाटेसारखा पुढे जातो, माणसांचे पाय जमिनीवरून सुटतात आणि ती आपल्या इच्छेविरुद्ध काही मीटर वाहत जातात. अशा वेळी बळी पडणारी पुष्कळ माणसे पायांखाली तुडवली गेलेली नसतात. छाती दाबली जाऊन श्वास घेता न आल्यामुळे ती उभ्या उभ्याच गुदमरतात.

आपल्याच राज्यात २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरीत सुमारे ३०० भाविक मरण पावले, आणि २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर २३ जण मरण पावले. त्या पुलावर सगळ्या जगाच्या मानाने मूठभर माणसे होती. परंतु जागा अपुरी होती आणि बाहेर पडण्याची वाट त्याहून अपुरी होती. लोकलच्या डब्यात चौरस मीटरमागे चौदा माणसे तग धरतात, याचे कारण डबा लहान असतो आणि मागून येणाऱ्या रेट्याला डब्याची भिंत अडवते. उघड्या मैदानावर लाखोंच्या जमावात तेवढी दाटी झाली तर रेटा अडवायला मध्ये काहीच नसते. म्हणून ‘सगळे जग मुंबईत मावेल’ हे वाक्य मुलांच्या पत्रकात कृपा करून घालू नये.

शिवाय या ८२० कोटींमध्ये जवळजवळ चौथा हिस्सा पंधरा वर्षांखालील मुलांचा आहे आणि साधारण दहावा हिस्सा ६५ वर्षांपुढील वृद्धांचा आहे. लहान मुलांना जागा कमी लागते खरी, पण गर्दीत सर्वांत आधी धोका त्यांनाच असतो.

बाहेर पडण्याचा हिशेबही पाहावा, कारण जत्रेचे नियोजन करताना आम्ही माणसे येण्याइतकाच त्यांच्या जाण्याचा विचार करतो. ब्रिटनमधील क्रीडांगणांच्या सुरक्षेच्या नियमावलीत सपाट वाटेवर एक मीटर रुंदीतून एका मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसे बाहेर पडतात असे धरले आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला सह्याद्री. घाटावर चढणाऱ्या मोठ्या वाटा म्हणजे कुंभार्ली, आंबा आणि अणुस्कुरा; महामार्गाने उत्तरेला कशेडी आणि दक्षिणेला खारेपाटण. या सगळ्यांची रुंदी मिळून सढळ हाताने १०० मीटर धरली तर मिनिटाला ८,२०० माणसे बाहेर पडतील. ८२० कोटींना दहा लाख मिनिटे लागतील, म्हणजे रात्रंदिवस कोठेही न थांबता ६९४ दिवस, जवळजवळ दोन वर्षे. गणपतीनंतर परतणाऱ्या गाड्यांची महामार्गावरची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातले मर्म कळेल. उभे राहण्याच्या जागेच्या हिशेबात वाटांची जागा कोणी धरत नाही, आणि प्रत्यक्षात माणसांचे प्राण वाटांवर अवलंबून असतात.

खाडीकाठ

दोघांचेही मनापासून आभार. रांगेतला, आपले म्हणणे पटले. मुंबईचा आकडा पत्रकात येणार नाही. वाटांचा हिशेब मात्र नक्की घेईन. आता एक शंका. दोन वर्षे ही माणसे येथेच राहणार असतील, तर त्यांच्या पिण्याच्या पाण्याचे काय? आपल्याकडे पाऊस भरपूर आहे, तेव्हा निदान पाणी तरी पुरावे असे वाटते.

वरकस यांचा प्रतिसाद

मी लांजा तालुक्यात शेती करतो. आमच्याकडे भात, थोडी नाचणी-कुळीथ आणि काजू आहे. पाण्याचा आणि अन्नाचा हिशेब मांडून पाहतो. भाराचे उत्तर त्यातच आहे असे मला वाटते.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटर जमिनीवर पडलेले एक लिटर पाणी. आपल्या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे सह्यकडा ताईंनी आखलेल्या प्रत्येक चौकोनात, म्हणजे प्रत्येक माणसाच्या डोक्यावर, वर्षाला तीन हजार लिटर पाणी पडते. त्याला ३६५ ने भागले तर माणशी दिवसाला आठ लिटर येतात. एकही थेंब वाया न घालवता सगळे पाणी साठवले तर प्यायला पुरेल, स्वयंपाकही कसाबसा होईल. परंतु आंघोळ, कपडे आणि स्वच्छता धरून माणसाच्या बहुतेक गरजा भागायला दिवसाला ५० ते १०० लिटर लागतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगातील सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांत आपला किनारा मोडतो, तरीही एका माणसाच्या पायाखालच्या जमिनीवर पडणारे पाणी त्याला पुरत नाही.

आणि एकही थेंब वाया न जाणे ही गोष्ट कोकणात कशी घडायची? जूनपासून सप्टेंबरपर्यंत पडणारे पाणी सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, जांभ्याच्या भेगांतून आणि पऱ्ह्यांमधून, म्हणजे लहान ओढ्यांतून, दिवसभरात खाडीला मिळते. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या याच जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते. आठ महिन्यांचे पाणी साठवायचे तर तळी आणि धरणे हवीत. त्यांना पुन्हा जमीन हवी, आणि त्या जमिनीवर तर माणसे उभी आहेत.

कोयनेचे उदाहरण घेऊ. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) आहे आणि वीज तयार झाल्यावर कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत सोडले जाणारे अवजल वर्षाला सुमारे ६७ टीएमसी आहे. माणशी केवळ तीन लिटर पिण्याचे पाणी धरले तर ८२० कोटी माणसांना दिवसाला २,४६० कोटी लिटर लागतात, म्हणजे एका टीएमसीहून थोडे कमी. चिपळूणवरून वर्षभर वाहत जाणारे सगळे अवजल या माणसांना अडीच महिन्यांत संपवावे लागेल, तेही नुसते पिऊन.

आता भाताकडे येतो. सुधारित बियाणे, वेळेवर लावणी आणि चांगला हंगाम असेल तर हेक्टरी ४० क्विंटल भात येते, म्हणजे गुंठ्याला सुमारे ४० किलो. एका चौरस मीटरवर ४०० ग्रॅम भात आले आणि त्याचे तांदूळ झाले २६० ग्रॅम. माणूस ज्या चौकोनात उभा आहे त्याच चौकोनात त्याने भात लावले, तर वर्षभराच्या मेहनतीनंतर त्याला एका दिवसाचा भात मिळेल. उरलेल्या ३६४ दिवसांसाठी त्याला तेवढेच ३६४ चौकोन आणखी हवेत. त्यात डाळ नाही, तेल नाही, भाजी नाही, जनावरांचा चारा नाही, आणि हंगाम बिघडला तर राखीव काहीच नाही.

जगाचा प्रत्यक्ष हिशेब असा आहे. संपूर्ण पृथ्वीवर पिकाखालची आणि बागायतीची जमीन मिळून सुमारे १५७ कोटी हेक्टर आहे. ८२० कोटींनी भागले तर माणशी साधारण १९ गुंठे येतात. चराऊ कुरणे साधारण ३२० कोटी हेक्टर आहेत, म्हणजे माणशी आणखी ३९ गुंठे. एकंदर प्रत्येक माणसामागे जवळजवळ दीड एकर जमीन अन्नासाठी गुंतलेली आहे, आणि उभे राहायला त्याला लागतो एक चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याचा शंभरावा हिस्सा. जगात वर्षाला २८० कोटी टनांच्या आसपास धान्य पिकते आणि त्यातील निम्म्याहून कमी माणसाच्या ताटात येते; बाकीचे जनावरांच्या खाद्याला, इंधनाला आणि इतर कामांना जाते. कोणाच्या वाट्याला काय येते त्यावर हे गुंठे कमी-जास्त होतात, पण शून्य कोणाचेच होत नाहीत.

खाडीकाठ, आपल्याला हवी असलेली तुलना मला येथे दिसते. रत्नागिरी जिल्ह्यात ८२० कोटी माणसे उभी राहू शकतात. परंतु याच जिल्ह्याची प्रत्येक इंच जमीन, कडे, कातळ, खाड्या, घरे आणि रस्ते यांसह, पिकाऊ आहे असे मानले आणि जगाच्या सरासरीने माणशी १९ गुंठे दिले, तर ती ४३ लाख माणसांना पुरेल. उभी राहणारी ८२० कोटी आणि पोसली जाणारी ४३ लाख. प्रत्यक्षात जिल्ह्यातील मोठा भाग उताराचा आणि वरकस, म्हणजे हलक्या जमिनीचा, आहे, सड्यावर जांभ्याच्या वर माती बोटभरही नसते, आणि भाताचे मळे नदीकाठी आणि वहाळांच्या कडेने पट्ट्यापट्ट्यांनी आहेत. म्हणून कोकणाने कधीच केवळ स्वतःच्या भातावर पोट भरले नाही. समुद्राची मासळी, घाटावरचे धान्य आणि मुंबईहून येणारी मनीऑर्डर या तिन्हींवर आमच्या आधीच्या पिढ्या जगल्या. आजही आमच्या घरात येणारा गहू, डाळ आणि साखर ज्या जमिनीत पिकते ती जमीन लांज्यात नाही, पण ती आमच्याच नावावर मोजली पाहिजे.

परतीची गाडी यांचा प्रतिसाद

वरकस दादांच्या लिखाणात भर घालण्यासारखे फार नाही. मी मुंबईत राहते, माहेर संगमेश्वर तालुक्यात. लोकसंख्येचा एक वेगळा पैलू मात्र पत्रकात यावा असे वाटते.

जगाची लोकसंख्या वाढत असताना आपल्या जिल्ह्याची कमी झाली आहे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसे होती, २०११ मध्ये १६,१५,०६९ उरली. सिंधुदुर्गातही घट झाली. २०११ मध्ये आपल्याकडे चौरस किलोमीटरला १९७ माणसे होती आणि दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, कारण कमावते पुरुष मोठ्या संख्येने बाहेर होते. जेथे सगळे जग उभे राहू शकते त्या जिल्ह्यातून माणसे निघून जातात, ती जागा कमी पडते म्हणून जात नाहीत. पाणी, पीक, रोजगार, शाळा आणि दवाखाना जेथे मिळेल तेथे ती जातात, आणि त्यामुळेच माणसे भूमीवर सारखी पसरलेली कोठेच दिसत नाहीत. अंटार्क्टिका वगळता पृथ्वीवरील जमिनीची सरासरी काढली तर चौरस किलोमीटरला साधारण ६० माणसे येतात. वाळवंटे, बर्फाळ प्रदेश आणि उंच पर्वत त्यात धरलेले आहेत.

वाढीचा वेगही याच चौकोनांनी दाखवता येईल. १९२७ च्या सुमारास जगात २०० कोटी माणसे होती. माणशी एक चौरस मीटर या हिशेबाने तेव्हा २,००० चौरस किलोमीटर पुरले असते. १९६० मध्ये ३,०००, १९८७ मध्ये ५,०००, १९९९ मध्ये ६,००० आणि २०२२ मध्ये ८,००० लागले. सध्या वर्षाला साधारण १३ कोटी जन्म आणि ६ कोटींच्या आसपास मृत्यू होतात, म्हणजे दरवर्षी सुमारे ७० चौरस किलोमीटर नवी जागा आखावी लागेल. मात्र हा वेग कमी होत चालला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार २०८० च्या दशकात लोकसंख्या सुमारे १,०३० कोटींवर पोहोचेल आणि त्यानंतर हळूहळू उतरू लागेल. तेव्हा रत्नागिरी जिल्हा भरून सिंधुदुर्गातील आणखी दोन हजार चौरस किलोमीटर घ्यावे लागतील.

म्हणून आपल्या ज्येष्ठ सभासदांचा मथळा, म्हणजे पाय ठेवायला जागा नाही, तो देऊ नये असे मला वाटते. त्यांची काळजी मात्र खरी आहे आणि ती दादांच्या गुंठ्यांच्या हिशेबातून मांडता येईल.

सह्यकडा

वरकस यांचे गुंठे कागदावर कसे दाखवावेत, याचा एक उपाय सुचवते. एक चौरस मीटरसाठी एक चौरस सेंटिमीटर असे प्रमाण धरावे. उभ्या माणसासाठी एक सेंटिमीटर बाजूचा लाल चौकोन. त्याच प्रमाणात १९ गुंठे पिकाची जमीन दाखवायला ४४ सेंटिमीटर बाजूचा हिरवा चौकोन लागेल, आणि ३९ गुंठे कुरणासाठी बाजारात मिळणारी २२ बाय २८ इंचांची संपूर्ण कार्डशीट लागेल, कारण तिचे क्षेत्रफळ जवळजवळ तेवढेच भरते. हिरवा चौकोन एका कार्डशीटवर, कुरणाची कार्डशीट शेजारी, आणि लाल चौकोन हिरव्याच्या कोपऱ्यात लावावा. पाण्यासाठी त्याखाली आठ लिटर आणि पन्नास लिटर असे दोन आकडे पुरेत.

वाचनालयाच्या ओट्यावर खडूने एक मीटरचा चौकोन आखून मुलांना त्यात उभे करता येईल. आधी एक, मग दोन, मग चार. चारांवर थांबावे, रांगेतला यांनी लिहिलेले वाचल्यावर पाचवे मूल त्यात उभे करण्याचा प्रयोग करू नये, हे मी आवर्जून सांगते.